मधली रेघ

कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात मी शिपाई होतो,
एकोणतीस वर्षं.
स्टॉपवॉचला किल्ली देणं, उंदरांचे पिंजरे धुणं,
आणि वर्षातून दोनदा, आगटेबाईंच्या प्रयोगात,
इस्त्रीचा शर्ट घालून विद्यार्थी होणं.

पुठ्ठ्यावर एक रेघ. शेजारी तीन.
सांगायचं एवढंच, हिच्याएवढी त्यातली कोणती.
मधली. आंधळ्यालाही चाचपून कळेल अशी मधली.
पण आम्ही पाच जण ठरवून म्हणायचो, तिसरी.
तिसरी. तिसरी.
घसा खाकरून, तिसरी.
सहावा खरा असायचा, त्याला काही माहीत नसायचं.
तो रेघेकडे बघायचा, मग आमच्याकडे,
मग चष्मा पुसायचा,
आणि पुष्कळदा, जरा खालच्या आवाजात,
तिसरी.

बाई नंतर चहा पाजून त्याला सगळं सांगायच्या.
बरेचजण हसायचे. एकजण भांडला,
म्हणाला, मला खरंच तिसरी दिसली.
बाईंनी ते वहीत लिहून घेतलं
आणि खाली दोन रेघा मारल्या.

मला अशा वेळी वडील आठवायचे.
पानशेत फुटलं त्या सकाळी ते लकडी पुलाशी उभे होते,
पाणी बघत. का, तर सगळे उभे होते.
पोलीस शिट्ट्या मारत होता,
पण शेजारचा माणूस शेंगदाणे खात होता.
वडील म्हणायचे, मी शेंगदाण्यांवर विश्वास ठेवला.
कसे वाचले ते त्यांनाच ठाऊक.
पुढे काही दिवसांनी कुणीतरी ओरडलं, पाणी आलं, पाणी आलं!
तेव्हा मात्र पर्वतीपर्यंत पळाले, एक वहाण गेली.
रस्ता कोरडा ठणठणीत,
आणि त्यावरून माणसं धोतरं गुडघ्याच्या वर धरून पळतायत.
हे सांगताना ते हसायचे,
मग मधेच थांबायचे.

अठ्ठ्याहत्तर साली इंदू पासलकर आली.
वेल्ह्याकडची. तेल चोपडलेल्या दोन वेण्या.
पाच वेळा तिसरी ऐकून घेतली तिनं,
पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं,
म्हणाली, मधली.
आणि लगेच, माझं चुकत असंल.

बाईंनी विचारलं, भीती नाही वाटली?
वाटली की.
पण धरण भरत होतं तवा आख्खं गाव म्हणायचं,
पाणी जोत्याला शिवत नाही. आजा पण म्हणायचा.
आईनं एक काठी रोवली होती वावरात,
रोज सकाळी जाऊन बघायची, काठी किती उरली.
आता सांगा, गाव कुठंय?
असं विचारून ती आमच्याकडे बघत राहिली,
जणू आमच्यातलं कुणी म्हणेल,
तिसरी.

आता मी धनकवडीत, चौथ्या मजल्यावर.
मागच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. ठराव क्रमांक सात.
कामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये,
वीजबिल, स्वच्छता वगैरे.
सेक्रेटरींनी ते वगैरे भराभर वाचलं.
माझे आजोबा याच गावात, पेठेतल्या एका आडापाशी,
ओंजळ धरून उभे राहायचे,
कुणी वरून ओतेल म्हणून. तासतासभर.
पहिल्या रांगेतले हात वर गेले. मग दुसऱ्या.
कुणी काही ओरडलं नाही, कुणी धमकावलं नाही,
बशीतले वेफर्स फिरत होते.
माझा हात वर होता.
कधी गेला, मला कळलं नाही.
आगटेबाई निदान वडापावाचे पैसे द्यायच्या.

सोमवारी सकाळी जुन्या ट्रंकेतून तो पुठ्ठा काढला.
कडा कसरीनं खाल्ल्यात, रेघा शाबूत.
चष्मा पुसला.
जिन्यात बायना चढत होती,
तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली,
बांगड्या कठड्याला लागल्याचा आवाज आला.
पुठ्ठा उजेडात धरला, जरा लांब धरला.
तिसरी तेवढीच वाटली.

फूटपट्टी शोधतोय.
इथंच कुठंतरी होती.